खूणगाठ

फॉर्मचं दुसरं पान : आग लागल्यास काय कराल.
आठ वर्षं झाली सोहारच्या या पाळणाघरात,
पोरांची नाकं पुसली, पडलेले दात जपून ठेवले,
पण या रकान्यापाशी पेन अडतं.

कुंपणाला लागून सालिमकाकांची खजुराची बाग.
काका गेले, मुलगे मस्कतला,
विहिरीत समुद्र शिरून पाणी खारट.
वाळक्या झावळ्या खोडांना लोंबत राहतात.
एक थोटूक पुरे.

जमण्याची जागा?
बागेची सावली चालणार नाही, तीच तर जळेल.
मग रस्त्यापलीकडे, टायरच्या दुकानासमोरचं पटांगण.
तिथे जूनमध्ये मातीवर चपाती भाजेल.
म्हणजे बूट हवेत.
दाराशी पेटी ठेवली, तेवीस जोड,
नाडीचे एकही नाहीत.

कोण कुणाला नेणार?
चार तान्ही, चाकांच्या पाळण्यात.
यकीनला दमा, त्याचा पंप माझ्या खिशात.
इरावती भोंगा वाजला की टेबलाखाली शिरते,
तिला काढायचं बीनाने, ती फक्त बीनाचं ऐकते.
इरावती धरून एकोणीस जण दोरीला.
दोरी मासळीबाजारातून आणली,
हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या,
वडील हर्णैला जाळं विणताना मारायचे तशा,
ओल्या झाल्या की आणखी आवळणाऱ्या.
एक गाठ, एक मूठ.

पहिल्या सरावाला सात मिनिटं लागली.
मैसम रडला, हूर नाचत सुटली.
पाचव्या सरावाला तीन.
झुवैना मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना लबान पाजलं.

मग मेमधल्या एका मंगळवारी, पोरं झोपलेली,
वास आला.
मला वाटलं, बीनाने डाळ करपवली.
खिडकी बघितली तर खिडकी नारिंगी.

घाबरायचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.
बूट. पाळणा. टेबलाखाली बीना. दोरी.
खमीसने बस आडवी घालून रस्ता अडवला,
डोक्यावरचा मसर सोडून हवेत फिरवत होता,
आणि आम्ही चाललो, झोपाळू, जांभया देत,
पाठीमागे झावळ्या फटाफट फुटत होत्या.

पटांगणात मोजलं.
चोवीस.

पुन्हा मोजलं, डोक्याला हात लावून.
चोवीस.
एक कमी भरलं तर काय करायचं, ते तोंडपाठ होतं.
जास्तीचं कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

दोरीच्या शेवटी, शेवटच्या गाठीच्याही पुढे,
उसवलेलं टोक धरून एक मुलगी,
एका अनवाणी पायावरून दुसऱ्यावर.
मी तिला माझ्या पावलांवर उभं केलं.
साफसफाईची रोक्साना खाली बघत म्हणाली,
जानेवारीपासून, दीदी. खोलीवर एकटी कशी ठेवू?

जानेवारीपासून.
म्हणजे पाचही सराव
साबणाच्या खोलीत बसून तिने ऐकले.
पाच वेळा आम्ही तिला आत सोडून
बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या.
आणि तिने मात्र सगळं पाठ केलं.
बूट सोडून. बुटांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

अर्धी बाग गेली. आमची भिंत नुसती काळी.
फॉर्म परत आला आहे : सुधारित योजना पाठवा.
मुलांची एकूण संख्या.
चोवीस लिहिलं तर रोक्सानाची नोकरी जाईल,
कदाचित कागदपत्रंही निघतील.
तेवीस लिहायला हात होत नाही.
मॅडमना उद्या सांगेन. काल पण उद्याच म्हटलं होतं.

दोरी रात्री घरी आणली.
विसावी गाठ मारली, दातांनी ओढून.
तिचं नाव तुबा. मी विचारलं नव्हतं,
माझ्या पावलांवर उभी असताना तिनेच सांगितलं.

पेटीत आणखी एक जोड टाकला,
अंदाजाने, एक नंबर मोठा.
माप तेव्हाच घ्यायला हवं होतं.